न कापलेलं गवत

फाटकाची कडी लावायला तो वळला आणि गवताचं एक पातं पँटच्या आत शिरून मोज्याच्या वर, पोटरीला लागलं. लागलं म्हणजे काय, नुसतं चाटून गेलं; पण तो असा दचकला की हातातली पिशवी खाली पडली. घरापुढच्या हिरवळीशी त्याची ओळख आजवर फक्त बुटाच्या तळव्यापुरती होती. ती पोटरीपर्यंत केव्हा पोचली? पूर्वी फाटकापासून पायरीपर्यंत गादीवर चादर ताणून बसवल्यासारखं सगळं सपाट असायचं. तिथे आता नोकरी गेलेल्या माणसाची दाढी वाढावी तसं गवत वाढलं होतं, कुठे दाट, कुठे विरळ, आणि एकूणच कोणाची पर्वा नसलेलं. त्याने वर पाहिलं. खिडकीत बाबा बसले होते आणि तेही हिरवळीकडेच बघत होते. त्यांची दाढी मात्र गुळगुळीत होती, कारण ती सकाळी त्यानेच केली होती. दोघांची नजरानजर झाली. बाबांनी उजवा हात उचलून दोन बोटं कात्रीसारखी चालवली आणि हात पुन्हा मांडीवर ठेवला. आयुष्यभर लोकांच्या पँटी आखूड करणाऱ्या शिंप्याच्या दारात इतकं लांब काहीतरी उभं होतं, याची त्यालाच एकदम लाज वाटली.

गवत कापायचं जुनं विजेवरचं मशीन आणि बाबा, दोघंही एकाच आठवड्यात बंद पडले होते. मशीनमधून आधी धूर आला, बाबांच्या बाबतीत तेवढंही झालं नाही. सकाळी काज करायला बसले आणि सुई हातातून खाली पडली, ती उचलायला डावा हात गेलाच नाही. इस्पितळातून आले तेव्हा डावा पाय मागून ओढत आणावा लागत होता, आणि शब्द तोंडातून भिजल्यासारखे जड होऊन बाहेर पडायचे. त्यामुळे ते मोजकेच शब्द वापरत. त्याला वाटायचं, या माणसाने कापड जसं वापरलं तसेच आता शब्द वापरतो, चिंधीसुद्धा वाया जाऊ देत नाही. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी चार पायांचा एक वॉकर आणून दिला होता, आणि मऊ, सपाट जागेवर रोज चाला म्हणून सांगितलं होतं. बाबांनी वॉकर नीट न्याहाळला, त्याचे जोड दाबून पाहिले, चांगला आहे म्हणाले, आणि त्यावर धुतलेल्या पँटी वाळत घातल्या. वॉकर धरून चालणं म्हणजे आपण आजारी आहोत असं चौकात उभं राहून सांगणं, असं त्यांचं मत असावं. विचारलं तर म्हणाले, "काम काय त्याचं?" तुम्हाला चालवणं हेच त्याचं काम, असं त्याने समजावलं. बाबा म्हणाले, "मग त्यालाच चालू दे."

त्याची स्वतःची नोकरी लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांशी बोलण्याची होती. शहरात कुठेही लिफ्ट अधेमधे थांबली आणि आतल्या माणसाने लाल बटण दाबलं, की फोन त्याच्या कानात वाजायचा. मग माणूस पोचेपर्यंत त्याने बोलत राहायचं. घाबरू नका, निघालेत, पोचतीलच, आत कोण कोण आहे, बसून घ्या. या कामासाठी त्याने एक आवाज कमावला होता, कोमट, सपाट, घाई नसलेला. त्या आवाजात त्याने एकदा एका गायकाला तास-दीड तास शांत ठेवलं होतं आणि एकदा एका बकरीला, जिच्यासोबत आत कोणीच नव्हतं. अडचण अशी, की बाबा आजारी पडल्यापासून तो आवाज घरातही आपोआप बाहेर पडू लागला होता. "घाबरायचं नाही बाबा, होईल हळूहळू," असं तो एकदा म्हणाला तेव्हा बाबांनी जेवता जेवता घास खाली ठेवला. "मी लिफ्टमध्ये नाही अडकलो," ते म्हणाले. बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. तो मात्र रात्री अंथरुणावर पडून विचार करत राहिला, की अडकले नाहीत तर मग हे जे खिडकीत बसणं आहे त्याला म्हणायचं काय, आणि माणूस निघालाय असं मी कोणाच्या भरवशावर सांगतो.

निघाली होती ती ताई. ती महिनाअखेरीला येऊन बाबांना आपल्याकडे घेऊन जाणार होती. तिचं घर उंच इमारतीत होतं, तिने न्हाणीघरात भिंतीला धरायच्या दांड्या बसवून घेतल्या होत्या, दिवसभराची नर्स ठरवली होती, आणि हे सगळं फोनवर सांगताना तिचा आवाज इतका प्रेमळ होता की नाही म्हणायला जागाच नव्हती. तुम्ही दोघं कामाला जाता, दिवसभर ते एकटे खिडकीत, ते स्वतःच्या पायांनी फाटकापर्यंत जाऊ शकत असते तर मी एक अक्षर बोलले नसते, असं ती म्हणाली. बाबा यावर हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. फक्त त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी शिलाईच्या मशीनवर कापड पांघरलं. त्याला ते बघवलं नाही. आणि तरीही, तो स्वतःला हे कधी उघड सांगत नसे, पण ताईचा फोन ठेवल्यावर छातीतून काहीतरी हलकं झाल्यासारखं वाटलं होतं, घट्ट बूट काढल्यावर वाटतं तसं. हे हलकं वाटणंच त्याला आता दिवसभर बोचत होतं. बाबांना ठेवून घ्यायचं तर ते चालले पाहिजेत, चालायचं तर मऊ जागा पाहिजे, मऊ जागा दारातच होती, पण तिच्यात पाय अडकत होता. तेव्हा गवत कापायला हवं आणि त्यासाठी मशीन आणायला हवं. इतका सरळ विचार त्याच्या डोक्यात पुष्कळ दिवसांनी आला होता, त्यामुळे त्याला त्याचा थोडा संशयही आला.

दुकानातली मशीनं एका ओळीत नाक दाराकडे करून उभी होती, शर्यत सुरू व्हायची वाट बघत असल्यासारखी. पेट्रोलवर चालणारं विक्रेत्याने सुरू करून दाखवलं तेव्हा त्याच्या दाढेतली चांदी थरथरली. त्याची किंमत ऐकून त्याने ते इतक्या आदराने बंद करायला सांगितलं, की विक्रेत्यालाही वाईट वाटलं. वायरवालं स्वस्त होतं, पण बाबांचा ओढता पाय आणि लोळणारी वायर ही जोडी त्याच्या डोळ्यांपुढे आली. बॅटरीवालं बरं होतं. बॅटरी मात्र वेगळी घ्यावी लागणार होती, आणि तिचा चार्जर तिच्याहून वेगळा. मग विक्रेत्याने आवाज खाली आणून, जावई दाखवावा तसा, स्वतःहून फिरणारा गोल यंत्रमानव दाखवला. हा कोणाला काही विचारत नाही, आपला आपण दिवसभर फिरतो आणि कापतो, तुम्ही फक्त खिडकीत बसून बघायचं. "बघणारे आहेत घरात," तो म्हणाला आणि बाहेर पडला. शेवटी ते सापडलं जुन्या सामानाच्या दुकानात, लहान मुलाच्या आंघोळीच्या टबामागे भिंतीला टांगलेलं: दोन चाकं, मध्ये पिळदार पात्यांचं रीळ, खाली एक स्थिर पट्टी, आणि वर आडवी मूठ असलेला लाकडी दांडा. मोटर नाही, वायर नाही, टाकी नाही. ढकललं तर कापतं, थांबलं की थांबतं. किंमत इतकी कमी होती, की त्याने दुकानदाराला यात मेख काय ते विचारलं. दुकानदार म्हणाला, मेख एवढीच, की ढकलावं तुम्हालाच लागतं.

घरी त्याने पात्यांना वाळूसारखी खरखरीत पेस्ट चोपडली आणि रीळ उलटं फिरवत धार लावली, पुसलं, खालची पट्टी स्क्रूने केसभर वर घेतली आणि वर्तमानपत्राचा कागद मध्ये धरून चाक फिरवलं. कागद चर्रकन सरळ कापला गेला. विजेवरची मशीनं गवताला झोडपून तोडतात. हे मशीन दोन धारांमध्ये पकडून कापत होतं. त्या आवाजाने तो जिथल्या तिथे लहान झाला. दुकानात कापायच्या टेबलाखाली त्याची जागा असायची. वर पाच-सहा फूट लांबीच्या कापडातून बाबांची मोठी कात्री एकदाही न मिटता सरकत जायची, लाकडावर तिचा खालचा पाय घासत जाणारा तो लांब, ओला आवाज, आणि मग टेबलाच्या कडेवरून कापडाची पट्टी त्याच्या डोक्यावर पडायची. कापताना बाबा श्वास घेत नसत, म्हणून खाली तोही घेत नसे. खिडकीतून बाबांचा आवाज आला, "परत." त्याने दुसरा कागद घातला. चर्र. "परत," बाबा म्हणाले. असं करता करता सगळं वर्तमानपत्र संपलं, आणि बायको आली तेव्हा आजच्या बातम्या अंगणभर पट्ट्यांमध्ये पसरल्या होत्या.

आता खरी चूक झाली ती अशी. कापायच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी त्याला पाण्याचा पाइप लावायला सांगितला. कशाला, असं त्याने विचारलं नाही, कारण या घरात ते विचारायची पद्धतच नव्हती: सुती कापड कापायच्या आधी पाण्यातून काढायचं, नाहीतर शिवल्यावर आटतं आणि गिऱ्हाईक भांडतं. लहानपणापासून त्याच्या अंगात हे इतकं भिनलेलं, की दोघांनी मिळून सगळी हिरवळ चिंब भिजवली, एकाने पाइप धरून, दुसऱ्याने खिडकीतून कोपरे दाखवून, आणि दोघांपैकी एकालाही हे चमत्कारिक वाटलं नाही. ओलं गवत कधी कापू नये, ते पात्यांत लगद्यासारखं बसतं, शिवाय इतकं वाढलेलं एकदम कापायचंच नसतं, दर खेपेला तिसरा हिस्सा फक्त, हे त्याने वाचलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी. सकाळी त्याने बाबांना दारातल्या खुर्चीवर आणून बसवलं आणि मोठ्या तोऱ्यात मशीन ढकललं. ते पाच-सहा पावलं गेलं आणि गच्च अडकलं. चाकंच रीळ फिरवतात, त्यामुळे रीळ अडकलं की चाकंही अडकतात; मशीन पुढे जाईना. मागे वळून बघितलं तर अर्धवट हजामत सोडून न्हावी पळून गेल्यासारखा पट्टा. बाबांनी तो पट्टा नजरेने मापला. मग म्हणाले, "आटलं नाही." हा विनोद होता की तक्रार, हे कळायच्या आत तो लगदा काढायला काडी आणायला म्हणून मागच्या अंगणात गेला.

परत आला तर खुर्ची रिकामी होती. पायरी उतरून, भिंतीचा आधार सोडून बाबा मशीनपाशी उभे होते, दोन्ही हातांनी आडवी मूठ धरून, जणू ती त्यांच्याच मापाने बेतलेली. सगळा भार त्यांनी दांड्यावर टाकला होता आणि मशीन, लगद्याने चाकं जाम झाल्यामुळे, जागचं हलत नव्हतं. चाकं मोकळी असती तर ते पुढे पळालं असतं आणि मागोमाग बाबा तोंडावर. तो काडी हातात घेऊन तसाच थांबला. त्याचा तो कमावलेला कोमट आवाज घशात येऊन उभा राहिला, पण बाहेर आला नाही. बाबांचा डावा पाय हळूहळू पुढे येत होता. ओढत नव्हता, उचलत होता, जेमतेम गवताच्या टोकांइतका. वॉकरशी जे कधी जमलं नाही ते या पायाला मशीनशी कसं जमलं, हे त्याला कळलंही आणि इतकं आवडलं की डोळ्यांत पाणी आलं: समोर काम होतं. "लगदा काढ," बाबा म्हणाले, "उभा काय राहिलास?"

पुढचं बायकोने हातात घेतलं. ती मुलांना पोहायला शिकवायची. तिने बाबांच्या पँटला मागे रुंद पट्टा शिवून घेतला, तोही बाबांकडूनच, आणि तो मुठीत धरून ती त्यांच्यामागून चालू लागली. मशीन कोरड्या गवतात शिरलं की गवत त्याला अडवून धरी, तेवढाच आधार बाबांना पुरत असे. कापलेल्या पट्ट्याच्या बाहेर गवताचे तुकडे फवाऱ्यासारखे उडत. ते तिथेच पडू द्यायचे, तेच कुजून गवताचं खत होतं, बाहेरून पैसे घालून आणायला नको, हेही त्याने वाचलं होतं आणि तो ते प्रत्येकाला सांगत होता, कोणी विचारलं नसताना. एके सकाळी त्याने पाहिलं की बायको दोन्ही हात कमरेवर ठेवून मागून चालली आहे आणि पट्टा मोकळा लोंबतो आहे. त्याने तोंड उघडलं तशी तिने डोळे वटारले. रात्री ती म्हणाली, "पाण्यात पोटाखालचा हात मी मुलांना सांगून काढत नाही. सांगितलं की बुडतात." तिच्याशी लग्न करताना आपण नक्की काय बघितलं होतं ते त्याला आठवेना, पण जे काही बघितलं असेल ते बरोबर बघितलं होतं.

मग एक अडचण उभी राहिली, जी अगोदर कोणाच्या डोक्यात आली असण्याची शक्यता नाही. गवत संपलं. मशीन धरून उभं राहायला त्याला अडवणारं गवत लागतं; कापलेल्या जागेवर ते बर्फावरच्या घसरगाडीसारखं पुढे पळतं. बाबांना आता रोज चालायचं होतं, आणि गवत काही रोज वाढत नाही. जगातली माणसं हिरवळ आखूड ठेवायला धडपडतात. या घरात ती वाढावी म्हणून डोळ्यांत तेल घालून तिची सेवा सुरू झाली. पाणी रोज थोडं थोडं शिंपडायचं नाही, दोन-तीन दिवसांआड पण खोलवर मुरेल इतकं, आणि तेही सकाळी. टक्कल पडलेल्या जागी माती खरवडून बी पेरलं. मशीनची कापायची उंची वाढवली, म्हणजे एका कापणीच्या दोन कापण्या होतील. लिफ्टमधल्या लोकांशी बोलताना तो मध्येच विचार करायचा, की आज ऊन बरं पडलंय, संध्याकाळपर्यंत बोटभर तरी येईल. गवत आपल्या गतीने येत होतं. महिनाअखेर मात्र तिच्या गतीने.

शेजारच्या घरात क्लॅरिनेट शिकवणारी बाई राहायची. तिच्या दारात गवत गुडघ्यापर्यंत होतं. दोन्ही हिरवळींच्या मध्ये कुंपण नव्हतं, नुसती विटांची एक ओळ होती. बाबा दोन दिवस त्या विटांपलीकडे बघत राहिले, मिठाईच्या दुकानाबाहेरून बघावं तसे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "विचार तिला." तो चाचरला. काय विचारायचं? आमच्या वडिलांना तुमचं गवत हवंय? लोक काय म्हणतील. बाबा म्हणाले, "माप घ्यायला मी लोकांच्या कमरेला हात घातले. तुला गवत मागवत नाही." शेवटी त्याने विचारलं. बाईचा आधी गैरसमज झाला की तो तिच्या वाढलेल्या गवताबद्दल तक्रार करायला आला आहे, आणि तिने मोठ्या आवाजात आपली बाजू मांडली. मग खरं कळल्यावर तिने त्याच्या खांद्यावरून खिडकीतल्या बाबांकडे बघितलं. ती म्हणाली, फक्त धड्याच्या वेळी येऊ देत, माझ्या विद्यार्थ्यांना ताल धरायला काहीतरी हवंच आहे. तर संध्याकाळी बाबा विटांची ओळ ओलांडत. त्या ओळीवर पाय उचलायला लागायचा तो घरच्या पायरीपेक्षाही उंच. आतून कोणीतरी चुकत चुकत सूर लावायचं आणि बाहेर चर्र, थांबणं, चर्र. वळताना मशीन मागे ओढून फिरवावं लागतं, तेच सगळ्यात कठीण. तिथे ते अजून त्याला किंवा बायकोला हाक मारत. कापून झालेल्या पट्ट्यांकडे बघत ते एकदा म्हणाले, "मखमलीचा रोख." एक पट्टा फिका दिसत होता, एक गडद; गवत कुठल्या दिशेला निजलंय त्यावर. दुकानात मखमलीचा तागा उलगडून, तळहात एकदा इकडून आणि एकदा तिकडून फिरवत, हा रोख त्यांनीच त्याला दाखवला होता. त्याने खाली वाकून गवतावरून तळहात फिरवला. फरक लागत होता.

ताई सांगितल्यापेक्षा एक दिवस आधीच आली, सकाळच्या गाडीने. त्याची त्या दिवशी सुट्टीच होती. बाबांची बॅग दोन दिवसांपूर्वीच भरली होती. ती बाबांनी स्वतः भरली, इतक्या निगुतीने, की त्याला काहीच विचारायचं धाडस झालं नव्हतं. फोनवर त्याने ताईला गवताचं सांगितलं होतं, पण ती त्याच कोमट आवाजात बरं बरं म्हणाली होती, जो आवाज तो स्वतः कामावर वापरतो. त्यावरून त्याला कळलं की आपल्यावर विश्वास बसलेला नाही. चहा झाला. ताईने घर बघितलं, पांघरलेलं शिलाईचं मशीन बघितलं, आणि बाबा कुठेत म्हणाली. खोलीत नव्हते. न्हाणीघरात नव्हते. मागच्या अंगणात नव्हते. वॉकर जागेवर होता, त्यावर दोन पँटी. बायको तलावावर गेली होती. ताईचा चेहरा उतरत गेला आणि ती बहीण म्हणून नव्हे तर न्यायाधीश म्हणून त्याच्याकडे बघायला लागली. एकट्याला कसं सोडलंत, एवढंच ती म्हणाली. ते हलकं वाटणं त्याला आठवलं आणि तो मनातल्या मनात म्हणाला, घे, मिळालं तुला.

मग त्याला दारातून तो पट्टा दिसला. विटांच्या ओळीपलीकडे, क्लॅरिनेटवाल्या बाईच्या हिरवळीवरून एक ताजा, फिका, नव्या शिवणीसारखा सरळ पट्टा पलीकडच्या टोकापर्यंत गेला होता. ती हिरवळ तर कालच संपली होती. तो ताईला घेऊन पट्ट्यावरून चालू लागला. टोकाला तो थांबला नव्हता. पुढच्या, ओळखही नसलेल्या घराच्या गवतात शिरला होता. तिथून त्याच्या पुढच्या. मध्ये एक फुलझाड होतं, त्याला सभ्यपणे वळसा घालून पुन्हा सरळ झाला होता. एका ठिकाणी गवत दबलेलं होतं, माणूस बसावा इतकं, की पडावा इतकं, आणि शेजारी तळव्याचा ठसा. ताई तिथे थांबली. तिने ठशाकडे बघितलं. पट्टा तिथून पुढे चालूच होता, थोडा वाकडा होऊन परत सरळ. आतापर्यंत ती घाईने चालत होती. यानंतर ती हळू चालू लागली आणि पट्ट्याच्या बाहेर पाय पडू नये याची काळजी घेऊ लागली.

कोपऱ्यावरच्या घरापुढे बाबा होते. गवत उंच होतं, अंगभर घाम होता, शर्ट मागून चिकटलेला, गुडघ्यावर हिरवा डाग. ते वळण घेत होते. मशीन मागे ओढलं, दांड्यावर झुकले, डावा पाय उचलला, तो हवेत नको इतका वेळ राहिला, आणि मग जिथे पडायला हवा तिथे पडला. तो पुढे धावणार तोच ताईने त्याचं मनगट धरलं. तिची बोटं थंडगार होती. बाबांनी दुसरा पट्टा धरला आणि त्या दोघांच्या दिशेने येऊ लागले, चर्र, थांबणं, चर्र, त्या गतीने, जिला घाई करायला लावणारं जगात काही उरलं नव्हतं. कापताना अजूनही श्वास घेत नसावेत. ते जवळ येईपर्यंत त्यानेही घेतला नाही. ताईच्या पुढ्यात येऊन मशीन थांबलं.

"सरक," बाबा म्हणाले. "वाकडं जाईल."

ताई सरकली. ते तिच्या शेजारून पुढे गेले. इतक्यात त्या घराचं दार उघडलं आणि तोंडात दात घासायचा ब्रश असलेला एक गृहस्थ बाहेर आला. त्याने आपल्या हिरवळीवरचे पट्टे बघितले, ते ओढणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघितलं, मग या दोघांकडे, आणि ब्रश काढून, हरवलेल्या कुत्र्याबद्दल विचारावं तसं अदबीने विचारलं, "हे तुमचे का?"

त्याच्या तोंडात क्षमा मागणारं वाक्य तयार होतं. पण ताईनेच उत्तर दिलं, घरच्या कारागिराबद्दल गिऱ्हाइकाशी बोलावं तसं, ठसक्यात.

"आमचेच," ती म्हणाली. "आज अर्धं होईल. उरलेलं उद्या येऊन करतील."